दुभाषीने कुठे बसावं

आमच्या विभागाचं नाव एका दमात घेता येत नाही. 'भाषा आणि आंतरसांस्कृतिक मध्यस्थी अध्ययन विभाग'. मी प्रवेश घेतला तेव्हा आईने ते नाव दोनदा म्हणायला लावलं आणि म्हणाली, "म्हणजे दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने तोंड घालायचं. ते तर तू घरबसल्या फुकट करतेस." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "करू दे गं, निदान सर्टिफिकेट तरी मिळेल." माझ्या भवितव्याची चर्चा एवढ्यावर आटोपली.

आईचं चुकत नव्हतं. आम्ही या देशात आलो तेव्हा मी दुसरीत होते. नव्या शाळेत बरेच दिवस मिठाची गुळणी धरून बसले आणि मग एक दिवस जी बोलायला लागले ती थांबलेच नाही. तेव्हापासून दवाखाना, बँक, घरमालक, वीज कंपनी, जिथे आई तिथे मी. खिडकीच्या कठड्यापर्यंत हनुवटी पोचायची नाही, पण आतल्या माणसाशी मी मोठ्या बाईसारखी हुज्जत घालायचे. डॉक्टर रागावले तर आईला अर्धंच सांगायचे, आई करवादली तर डॉक्टरांना तेही सांगायचे नाही. दोन्हीकडचे लोक खूश. मला वाटायचं, आपण जन्मजात दुभाषी आहोत.

विद्यापीठात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की मी आजवर केलं ते सगळं चूक होतं. हे ज्यांनी सांगितलं त्या बाईंना आम्ही 'चिमटा' म्हणायचो. आपण भडाभडा बोलून जायचो आणि त्या त्यातला नेमका चुकलेला शब्द उचलून सगळ्या वर्गासमोर धरायच्या. त्यांचे नियम ठरलेले होते. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. "बाई म्हणतात, त्यांचं पोट दुखतंय" असं नाही, सरळ "माझं पोट दुखतंय". सरावाच्या तासाला आमच्या वर्गातल्या एका दाढीवाल्या पैलवानाने अगदी गंभीर चेहऱ्याने "मला सातवा महिना लागलाय, बाळ फार लाथा मारतं" असं सांगितलं, तेव्हा अख्खा वर्ग बाकावर डोकं ठेवून हसला. चिमटा हसल्या नाहीत. "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. समोरचा खोटं बोलला तर खोटंच पोचवायचं, कारण ते खोटं त्याचं असतं. तुम्हालाच कुणी प्रश्न विचारला तर तोही दुसऱ्या बाजूला सांगायचा, परस्पर उत्तर द्यायचं नाही. आणि बसायचं थोडं मागे, कडेला, म्हणजे दोन माणसं एकमेकांकडे बघून बोलतील.

हे सगळं मी घोटून पाठ केलं. वर्गात पहिली यायचे. तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाला पाठवतात, तेव्हा मला बालकल्याण कार्यालय मिळालं आणि मी हवेत तरंगतच तिथे गेले.

प्रकरण असं होतं. आमची भाषा बोलणारी एक बाई इथे नोकरीसाठी आली, इथेच तिला मुलगी झाली. मुलीचा बाप कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचंही सगळ्यांनी सोडून दिलं होतं. मागच्या वर्षी ती बाई आजारपणात गेली. मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला एका घरी सांभाळायला ठेवलं होतं. घर चांगलं होतं, माणसं मायाळू होती, फक्त तिथे आमची भाषा कुणाला येत नव्हती. वर्षभरात मुलगी इथलीच भाषा बोलायला लागली आणि आईची भाषा पार विसरून गेली. आता तिची आजी, आईची आई, तिला घरी न्यायला आली होती. आजीला इथल्या भाषेतलं 'नमस्कार'सुद्धा येत नव्हतं. लेक तिच्याशी भांडून घराबाहेर पडली होती, त्यामुळे नातीचे चार फोटो सोडले तर आजीने तिला कधी पाहिलंही नव्हतं.

निर्णय ज्यांच्या हातात होता त्या अधिकारी बाई उंच, हळू बोलणाऱ्या आणि सतत थर्मासमधून चहा पिणाऱ्या होत्या. मला वाटलं होतं कुणीतरी खाष्ट बाई असेल. तसं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "आजींच्या कागदपत्रांत काही खोट नाही. पण मुलगी त्यांच्याकडे आपणहून वळते का, ते मला बघायचंय. नाही वळली तर अनोळखी बाईबरोबर तिला विमानात कशी बसवू? मग ती इथेच राहील, सांभाळणारे तिला दत्तक घ्यायला तयार आहेत." आजींचा राहण्याचा परवाना महिनाअखेर संपत होता. तेवढ्या दिवसांत जे काय व्हायचं ते व्हायला हवं होतं.

आजी कार्यालयाच्या बाकावर पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. पायात प्रवासासाठी घेतलेले कोरे करकरीत बूट, आणि ते चावत असणार, कारण टाचा बाहेर काढून ठेवल्या होत्या. मी आमच्या भाषेत नमस्कार केला तशी त्यांनी माझा हात जो धरला तो सोडेचनात. "अगं बाई! देवासारखी भेटलीस. विमानात बसल्यापासून तोंडाला कुलूप आहे बघ. कुणाची गं तू? आई-वडील इथेच असतात?" नियमाप्रमाणे मी गप्पा मारायला नको होत्या. मी म्हटलं, "आजी, आत गेल्यावर तुम्ही बोलाल ते मी जसंच्या तसं सांगेन. माझ्याकडे नाही, नातीकडे बघून बोला." त्यांनी मान डोलावली आणि माझ्याचकडे बघत राहिल्या.

भेटीची खोली छोटी होती. बुटकं टेबल, त्याच्याभोवती तशाच बुटक्या खुर्च्या, रंगीत खडूंचा डबा, ठोकळे, कोपऱ्यात अधिकारी बाईंची खुर्ची. मुलगी सांभाळणाऱ्या बाईंच्या मागे लपून आली. कपाळावर केसांची झालर, हातात एक ठोकळा. आजींनी तिला बघितलं आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "टिल्ली." फोटो बघून त्यांनी परस्परच ते नाव ठेवलं होतं.

मी कामाला लागले. आणि आता सांगायला हरकत नाही, मी फार छान काम केलं. आजी "माझं सोनं गं ते, माझी बाय ती" म्हणाल्या की इथल्या भाषेत लेकराला जे जे लाडाने म्हणतात ते सगळं माझ्या जिभेवर हजर. आजींचा सूर चढला की माझा चढायचा, त्या कुजबुजल्या की मी कुजबुजायचे. त्यांनी उंदराची एक गोष्ट सांगितली, तर मी उंदराचा आवाजसुद्धा काढला. टिल्ली खुदकन हसली. माझ्याकडे बघून.

मी खुर्ची मागे सरकवली. तिने आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. मी आणखी मागे सरकले, तर भिंत लागली. आजीसुद्धा नातीकडे बघून बोलायला सुरुवात करायच्या आणि वाक्य संपेपर्यंत माझ्याकडे यायच्या, कारण त्यांचं कळणारं माणूस मी होते. पहिल्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. ओळख व्हायला वेळ लागतो, असं मीच स्वतःला सांगितलं.

नंतरच्या भेटींत ते वाढतच गेलं. आजींनी नातीला शिकवलं होतं, "ही ताई हं." त्यामुळे मुलीने आपल्या भाषेतला पहिला शब्द उचलला तो 'ताई'. दार उघडलं की "ताई!" करत धावत यायची आणि माझ्या गुडघ्यांना मिठी मारायची. आजी हात पुढे करून उभ्या असायच्या. ते हात त्या हळूच पर्सकडे न्यायच्या, जणू काही शोधायचंच होतं. एकदा टिल्लीने चित्र काढलं. हिरवं गवत, दोन बाया, हातात हात. आजींनी विचारलं, "कोण कोण आहे गं यात?" मी विचारलं. टिल्लीने सांगितलं, आणि नियमाप्रमाणे मला तिच्याच शब्दांत म्हणावं लागलं, "मी आणि ताई."

आजी म्हणाल्या, "छान आहे हो." मी तेही पोचवलं, त्यांच्याच गोड आवाजात.

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेखाली आनंदही झाला होता, एका लहान पोरीने आपल्याला चित्रात काढलं याचा. त्या आनंदाची जास्त लाज वाटली.

त्या दिवशी अधिकारी बाईंनी मला थांबवून घेतलं. थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या, "तुमचं काम उत्तम आहे. पण मुलगी वळते ती तुमच्याकडे. त्यांच्याकडे ती बघतही नाही. मला जे दिसतं तेच अहवालात लिहावं लागेल." आता एकच भेट उरली होती.

मी तडक चिमटा बाईंकडे गेले. त्या पेपर तपासत होत्या. मला वाटलं, कुठे चुकलं ते सांगतील, दोन शब्द सुनावतील आणि मार्ग दाखवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "चूक सापडली असती तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "तू इतकं चांगलं केलंस की त्या दोघींना एकमेकींची गरजच पडली नाही. एकीला तिची भाषा मिळाली, दुसरीला तिची. दोन्ही तुझ्याकडून."

"मग मी काय करू?"

"सोडून दे. दुसरी दुभाषी मागव."

"आमच्या भाषेची दुसरी कुणी नाहीये मॅडम. शेजारच्या शहरातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत."

चिमटा बाईंनी पुन्हा पेन उचललं, काही लिहिलं मात्र नाही. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

घरी आले तर आई भांडी घासत होती. तिचा फोन वाजला. तिने ओल्या हातानेच तो उचलला, नंबर बघितला, हिरवं बटण दाबलं आणि "हॅलो"सुद्धा न म्हणता सरळ माझ्या कानाला लावला. दातांच्या दवाखान्यातून होता, भेटीची वेळ बदलायची होती. मी फोनवर हात धरून म्हटलं, "तू बोल ना. सोपं आहे. फक्त 'चालेल' म्हणायचंय."

"मी? मला कुठे येतं? तू आहेस ना."

ती हसत म्हणाली. आम्ही या देशात आलो त्याला इतकी वर्षं झाली की मला स्वप्नंसुद्धा इथल्याच भाषेत पडतात, आणि माझ्या आईला 'चालेल' म्हणता येत नव्हतं. मी दवाखान्याला वेळ दिली, फोन ठेवला आणि विचारलं, "आई, मी नसते तर काय केलं असतंस गं?"

आईने कढई उलटी करून ठेवली. "काय करणार? झक मारत शिकले असते." आणि पुढे म्हणाली, "का गं, असं का विचारतेस? कुठे निघालीस?"

मी म्हटलं, कुठे नाही.

दुसऱ्या दिवशी मी अधिकारी बाईंना सांगितलं की मी खोलीत बसणार नाही. ज्या भाषेचं माणूस प्रत्यक्ष येऊ शकत नाही तिच्यासाठी त्यांच्याकडे टेबलावर ठेवायचं एक यंत्र होतं, चपटा काळा डबा. पलीकडचा दुभाषी फोनवरून ऐकतो आणि त्यातून बोलतो. मी म्हटलं, "मी शेजारच्या खोलीत बसते. त्यातून फक्त माझा आवाज जाऊ दे." "शेवटची भेट आहे," त्या म्हणाल्या. "बिघडली तर मला दुसरी देता येणार नाही." मी हो म्हटलं. बिघडली तर माझे मार्क जाणार होते, ते गेले तर गेले. आजीची नात जाणार होती.

भेटीच्या दिवशी आजींना व्हरांड्यात गाठून समजावलं. त्या घाबरल्याच. "म्हणजे तू आत नाहीस? अगं, मग माझं कसं व्हायचं? तिला माझं एक अक्षर कळत नाही."

"मी भिंतीपलीकडेच आहे, आजी. सगळं ऐकेन, सगळं पोचवेन."

"पोचवतेस गं तू," आजी म्हणाल्या, "पोचतंय कुठे पण?" आणि पर्स पोटाशी धरून आत गेल्या.

शेजारची खोली म्हणजे सामानाची खोली होती. रिकामे खोके, मोडकी खुर्ची, खिडकी नाही. मी कानाला हेडफोन लावून बसले. दिसत काहीच नव्हतं. अधिकारी बाईंचा आवाज आला, मुलीला सांगत होत्या की आज बोलणं या डब्यातून ऐकू येईल. मग खुर्ची सरकली. मग आजी म्हणाल्या, "ये बाळा, बस." मी ते इथल्या भाषेत म्हटलं.

पावलं ऐकू आली, दाराकडे गेलेली आणि परत आलेली. मग अचानक श्वास अगदी कानाशी आला. तिने डबा उचलून तोंडाजवळ धरला होता.

"ताई? तू यात आहेस?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. ते गिळलं आणि नियमाप्रमाणे आजींना आपल्या भाषेत सांगितलं, "ताई? तू यात आहेस?"

मी भिंतीपलीकडे बसले आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "ताई गेली."

हे खोटं होतं. वर्गात हा नियम किती सोपा वाटला होता! मी माझ्याच आवाजात त्या पोरीला सांगितलं, "ताई गेली."

"हा ताईचाच आवाज आहे," टिल्ली म्हणाली. तिला फसवणं इतकं सोपं नव्हतं.

मी ते आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो. आवाज ठेवून गेली. मला तुझ्याशी बोलता यावं म्हणून."

मी सांगितलं.

"परत येणार?"

"नाही," आजी म्हणाल्या, आणि मीही म्हणाले, "नाही."

डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं, आता ती रडत सांभाळणाऱ्या बाईंकडे जाईल आणि अधिकारी बाई वही मिटतील. मी मोडक्या खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. मग टिल्ली बोलली, शाळेत आज काय झालं ते सांगावं तशा आवाजात.

"आई पण गेली."

मी ते आपल्या भाषेत म्हटलं आणि माझा आवाज फाटला. आजीकडून शब्द आलाच नाही, एक आवाज आला, त्याला कुठल्या भाषेत न्यायची गरज नव्हती. इतक्या भेटींत त्यांनी नातीला सोनं म्हटलं, बाय म्हटलं, उंदराची गोष्ट सांगितली, पण या विषयाला हात लावला नव्हता. लेकरासमोर रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आता त्या म्हणाल्या, "हो गं. माझी लेक गेली."

"तुझी लेक कोण?" टिल्लीने विचारलं.

"कोण म्हणजे? तुझी आई."

मी सांगितलं, आणि पलीकडे जी शांतता पसरली त्यावरून मला कळलं की हे तिला आजवर माहीतच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, ही तुझी आजी. सांभाळणाऱ्या घराच्या शेजारी एक म्हातारी होती, तिलाही ती आजीच म्हणायची, शाळेच्या फाटकाशी उभी राहणारीलाही. त्यातलीच ही एक, लांबून आलेली. हा शब्द मी तिला किती वेळा पोचवला असेल, आणि तिने त्याचा काय अर्थ घेतला हे बघण्याची मला बुद्धी झाली नाही. मध्यस्थीचं शिक्षण घेत होते मी!

"आई तुझ्या पोटातून आली?"

"माझ्याच."

"मग ती लहान होती?"

"होती तर. तुझ्याएवढी होती. तिचे मोजे असेच घसरायचे. हा बघ, आत्ता तुझा घसरलाय तसा." आणि मग आजी नातीशी नाही, कुणाशीच नाही असं बोलल्या, "माझ्याशी भांडून आली गं ती. मी फोन करायला हवा होता. मी मोठी होते."

वर्गातल्या नियमात हेही बसतं, काही गाळायचं नाही. पाच वर्षांच्या पोरीला मी ते सांगितलं, "ती माझ्याशी भांडून आली होती. मी फोन करायला हवा होता. मी मोठी होते."

पावलं ऐकू आली. छोटी, थांबत थांबत. टेबलाच्या पलीकडे गेलेली.

"मला आई पाहिजे," टिल्ली म्हणाली. आवाज आता डब्यापासून लांब होता, तिकडे, आजींच्या बाजूला.

"मला आई पाहिजे," मी आजींना सांगितलं.

"मला पण ती पाहिजे," आजी म्हणाल्या, आणि मी टिल्लीला सांगितलं, "मला पण ती पाहिजे." त्यानंतर त्या दोघी रडल्या. एक मोठ्याने, एक तोंड दाबून, आणि थोड्या वेळाने दोघी मोठ्याने. मला करण्यासारखं काही उरलं नाही. मीही रडले, पण आधी माझ्या बाजूचं बटण बंद केलं.

बऱ्याच वेळाने सामानाच्या खोलीचं दार उघडलं. अधिकारी बाई होत्या, डोळे लाल. "मांडीवर बसलीय," त्या हळूच म्हणाल्या. "आपणहून गेली. मी काही केलं नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता आत या ना. मुलीचा निरोप घ्या. पुढच्या आठवड्यात ती आजींबरोबर जाईल, मग कुठली भेट व्हायला! तिला किती आनंद होईल तुम्हाला बघून."

मी उठलेच. भेटीच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला. आत आजी आपल्या भाषेत काहीतरी विचारत होत्या आणि टिल्ली तिच्या भाषेत भलतंच काही सांगत होती, आणि दोघींचं चाललं होतं. मला आत जायचं होतं. इतकं जायचं होतं की हात दुखायला लागला. एकदाच ती "ताई!" म्हणून धावत आली असती, गुडघ्यांना मिठी मारली असती, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं असतं.

पण ताई गेली, हे तिला आजीने सांगितलं होतं. मी दारात दिसले असते तर खोटी पडली असती ती आजी, मी नाही. आणि त्या पोरीजवळ आता तेवढंच एक माणूस होतं.

दाराच्या मुठीवरचा हात काढला. अधिकारी बाईंना म्हटलं, "मी गेले म्हणून सांगा," आणि मागच्या जिन्याने खाली उतरले.